किनाऱ्यालगतची पहिली ऑफ-रोड वाट : हवा, गिअर आणि भरतीचं गणित

ऑफ-रोड शिकायला किनाऱ्यालगतचा ग्रामीण भाग सोयीचा पडतो. डोंगरातल्यासारखे जीवघेणे उतार नसतात, आणि दहा-पंधरा किलोमीटरच्या टप्प्यात मुरूम, गवताळ पठार, चाकोरी पडलेली पाणंद, एखादा ओढा आणि थोडी वाळू असं सगळं भेटतं. मात्र इथल्या दोन गोष्टी डोंगरात नसतात : भरती आणि खारं पाणी. गाडी दमदार आहे म्हणून या दोन्हींतून सुटका होत नाही. नवख्यांच्या गाड्या ताकद कमी पडली म्हणून क्वचितच अडकतात. टायरमध्ये हवा जास्त राहिली किंवा घड्याळाकडे दुर्लक्ष झालं, हीच नेहमीची कारणं.

वाट निवडताना

पहिल्या दिवसासाठी दहा ते पंधरा किलोमीटर पुष्कळ झाले. अशा वाटेवर सरासरी वेग ताशी आठ ते बारा किलोमीटरच पडतो. उतरून पाहणं, हवा कमी-जास्त करणं आणि एखादी चूक निस्तरणं धरलं तर चार तास सहज जातात. दर तीन-चार किलोमीटरवर डांबरी रस्त्याकडे निघायला फाटा असेल अशी वाट घ्या. तसा फाटा नसलेली वाट कितीही सोपी दिसली तरी पहिल्या खेपेला नको.

वाटेचा क्रम महत्त्वाचा. सुरुवात मुरमाच्या किंवा खडीच्या कच्च्या रस्त्याने व्हावी, मग चाकोरीची पाणंद, मग एखादा छोटा चढ-उतार, गोड्या पाण्याचा उथळ ओढा, आणि शेवटी जमलं तर वाळूचा अर्धा-एक किलोमीटरचा पट्टा. वाळू शेवटी अशासाठी, की तोवर गाडीचा अंदाज आलेला असतो. सुरुवातीलाच पुळणीवर गाडी घालून रुतवणारे पुढची वाट पाहतच नाहीत.

अनेक किनाऱ्यांवर खासगी वाहन न्यायला पूर्ण बंदी असते, काही ठिकाणी ठरावीक पट्ट्यातच किंवा परवाना घेऊनच परवानगी मिळते. तिथे लागू असलेला नियम आधी विचारा. बंदी असेल तर वाळूचा टप्पा गाळून बाकीची वाट करा, शिकण्यात फारसं काही कमी होत नाही. पाणंदीचंही तेच : ती सार्वजनिक आहे की कुणाच्या शेतातून जाते, हे माहीत हवं.

उपग्रहाचं चित्र उपयोगी आहे, पण ते कधीचं आहे ते बघा. खाडीचं मुख, वाळूचे दांडे आणि ओढ्यांचे प्रवाह एका पावसाळ्यात किंवा एका वादळात जागा बदलतात. नकाशावर दिसणारी वाट खाजणाच्या (भरतीचं खारं पाणी शिरणाऱ्या दलदलीच्या) कडेने जात असेल तर तो भाग आधी पायी पाहून यावा.

एकट्या गाडीने जाऊ नका. दोन गाड्या म्हणजे सोबत तर झालीच, शिवाय ओढून काढण्याचं साधनही झालं. त्यातली किमान एक फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणारी) हवी, आणि ती मागे राहावी. पुढची फसली की मागची अजून घट्ट जमिनीवर असते.

गाडीत काय हवं

दोनशे मिलिमीटरच्या आसपास ग्राउंड क्लिअरन्स (जमीन आणि गाडीच्या पोटातलं अंतर) असलेली फोर बाय फोर आदर्श. ऑल व्हील ड्राइव्ह गाडीही कच्चा रस्ता आणि पाणंद निभावते, घट्ट ओली वाळूही चालते, पण मऊ वाळूत तिला लो रेंज (कमी वेगात जास्त ओढ देणारे गिअर) नसल्याची उणीव जाणवते. नुसती दोन चाकं ओढणारी गाडी असेल तर वाळू आणि चिखल दोन्ही वगळा.

क्लिअरन्सच्या आकड्यापेक्षा कोन जास्त अडवतात. पुढचा बंपर किती चढावाला टेकेल, मागचा कुठे घासेल आणि दोन चाकांमधलं पोट कुठे अडेल, हे तीन कोन. लांब गाडीचं पोट अडतं, लांब शेपटीच्या गाडीचा मागचा बंपर. सपाट जागी गाडी उभी करून, गुडघ्यावर बसून एकदा खालून बघा : सगळ्यात खाली काय लोंबतंय? डिफरन्शियलचा (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचाचा) गोळा, सायलेन्सर, पायऱ्या, इंजिनाखालचं प्लॅस्टिक. त्याची जागा डोक्यात पक्की ठेवा, कारण दगड चाकाखाली घ्यायचा की चाकांच्या मधून सोडायचा हे त्यावरूनच ठरतं.

टायर ऑल-टेरेन असतील तर उत्तम, पण साधे हायवे टायरही हवा कमी करून बरंच काम देतात. अडचण येते ती मोठ्या रिमच्या, पातळ बाजूच्या टायरांनी. बाजूची उंची कमी म्हणून हवा फार उतरवता येत नाही, आणि एका दगडात रिम वाकतं. स्टेपनीत हवा आहे का, पाना नटाला नीट बसतो का, आणि जॅक खरंच वर जातो का, हे घरीच करून बघा.

सामान थोडंच पण नेमकं हवं. चांगला प्रेशर गेज, बारा व्होल्टचा हवेचा पंप, लांब दांड्याचं फावडं, चाकाखाली घालायच्या दोन पट्ट्या, जॅकखाली ठेवायला तीस सेंटिमीटर चौरस जाड फळी, एक ओढायचा पट्टा, दोन प्रमाणित शॅकल (पट्टा हुकाला जोडायच्या लोखंडी कड्या), जाड हातमोजे, प्रथमोपचार पेटी, टॉर्च आणि माणशी किमान चार-पाच लिटर पाणी. पंप घेताना तो गाडीच्या बॅटरीच्या टोकांना चिमट्याने जोडता येईल असा घ्या. मोठा पंप सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावला की फ्यूज उडतो, कारण त्या फ्यूजच्या क्षमतेपेक्षा पंप जास्त करंट ओढतो. पंप चालवताना इंजिन चालू ठेवा. विंचवर (दोर गुंडाळत गाडी ओढणाऱ्या यंत्रावर) खर्च करण्याची पहिल्या वर्षात गरज नाही, आणि छपरावर कॅरिअर लावून सामान चढवण्याचा मोह तर टाळाच. वर गेलेलं वजन प्रत्येक तिरक्या जागी गाडीला कलतं करतं. आतलं सामानही पट्ट्याने बांधा. धक्क्यात सुटलेला पाण्याचा कॅन डोक्यावर आपटतो.

ओढायचा हुक हा विषय बहुतेक जण गाडी फसल्यावर उघडतात. बंपरमध्ये पिळून बसवायचा जो डोळा गाडीसोबत मिळतो तो बंद पडलेली गाडी सरळ, सावकाश ओढून नेण्यापुरता असतो. झटका देऊन काढायला तो नाही. चासीला (गाडीच्या खालच्या सांगाड्याला) बोल्टने बसवलेले प्रमाणित हुक आहेत का ते पाहा. आणि ट्रेलर जोडायच्या गोळ्याला पट्टा कधीच अडकवू नका. ताणाखाली तो गोळा तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा मागे येतो आणि काच फोडून आत शिरतो. यात माणसं दगावली आहेत.

भरती-ओहोटी

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण बारा तास पंचवीस मिनिटं लागतात, म्हणजे तीच भरती दुसऱ्या दिवशी सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते. त्यामुळे मागच्या आठवड्यात जमलेली वेळ या आठवड्यात उलटी पडू शकते. त्या दिवसाचं, जवळच्या बंदराचं कोष्टक पाहिल्याशिवाय निघू नका. खाडीच्या आत पाणी उशिरा पोचतं, तेव्हा बंदराची वेळ आतल्या भागाला जशीच्या तशी लावता येत नाही.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास, आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस, उधाणाची भरती असते : पाणी जास्त वर चढतं आणि जास्त खाली उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, चढ-उतार कमी. उधाणाच्या ओहोटीला पुळण भलीमोठी उघडी पडते म्हणून नवख्याला तो दिवस चांगला वाटतो. पण त्याच दिवशी पाणी परतही वेगाने येतं. पहिल्या खेपेला भांगाचे दिवस धरा.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही हे समजलं तर बाकीचं गणित सोपं आहे. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत पाणी अनुक्रमे एकूण चढाच्या बारा भागांपैकी एक, दोन, तीन, तीन, दोन आणि एक भाग चढतं. हा अंदाज आहे, पण कामापुरता भरवशाचा. समजा चढ तीन मीटरचा आहे. पहिल्या तासात पाणी पंचवीस सेंटिमीटर वर येईल, दुसऱ्या तासात पन्नास, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी पंचाहत्तर. आता पुळणीचा उतार पन्नासास एक (पन्नास मीटर अंतरात एक मीटर) धरा. पहिल्या तासात पाण्याची कड साडेबारा मीटर पुढे सरकते, दुसऱ्यात पंचवीस, तिसऱ्यात साडेसदतीस. म्हणजे ओहोटीनंतर तासभर निवांत वाटतं, आणि त्या भरवशावर थांबलेल्याला पुढच्या दोन तासांत पाणी साठ मीटरहून जास्त मागे रेटतं. वारा किनाऱ्याकडे वाहत असेल तर त्याहून लवकर.

म्हणून वाळूवर उतरायचं ते ओहोटीच्या दोन तास आधी, उतरत्या पाण्यावर, आणि बाहेर पडायचं ते ओहोटी पूर्ण होण्याच्या सुमारास. ओहोटी दुपारी एकला असेल तर अकराला वाळूवर, एकला परत घट्ट जमिनीवर. रुतलात तरी हाताशी वेळ राहतो. अनुभवी लोक ओहोटीनंतरचे दोन तासही वापरतात, तुम्ही ते फसल्यास उपयोगी पडणारी शिल्लक समजा. पुळण ओलांडून समुद्राला मिळणारा ओढा वाटेत असेल तर तो परतीच्या वेळी किती भरलेला असेल, हे जातानाच ठरवायचं असतं.

हवा उतरवणे

डांबरी संपलं की पहिला थांबा हवेसाठी. बहुतेक गाड्यांत रस्त्यासाठी बत्तीस ते पस्तीस पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) असते. खडीच्या आणि चाकोरीच्या रस्त्याला चोवीस ते अठ्ठावीस, वाळूला अठरा, फारच मऊ असेल तर पंधरा. बारा ही रुतलेली गाडी बाहेर काढण्यापुरती शेवटची पायरी. त्याखाली टायरची कड रिमवरून सुटण्याचा धोका फार वाढतो. दगडाळ भागात वीसच्या खाली जाऊ नका, नाहीतर टायरची फुगलेली बाजू धारदार दगडाला भिडते.

हवा कमी केल्यावर टायरचा जमिनीला टेकणारा पट्टा रुंद होतो त्याहून अधिक लांब होतो. वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि चाक वाळूत खड्डा करण्याऐवजी तिच्यावरून चालतं. वाळूत गाडीची ताकद वाढवायची तर ही एवढीच युक्ती आहे, बाकी सगळं तिच्यानंतर.

तासभर डांबरीवर आलेल्या टायरमध्ये थंड टायरपेक्षा चार-पाच पीएसआय जास्त दिसतात. तेव्हा गरम टायरची हवा अठरावर आणली तर थंड झाल्यावर ती पंधराच्या आसपास जाईल, हे लक्षात ठेवून थोडी वरच थांबा. पहिल्या टायरला किती वेळ लागला ते मोजा, बाकीच्यांना तेवढाच वेळ द्या आणि मग चारही गेजने तपासा. व्हॉल्व्हच्या टोप्या थेट खिशात, बॉनेटवर ठेवलेल्या हमखास हरवतात. डॅशबोर्डवर हवेचा पिवळा दिवा लागेल, लागू दे.

कमी हवेची किंमत वेगाने चुकवायची. अठराला ताशी चाळीसच्या वर नको, पंधराला तीस, आणि वळण मोठं घ्यायचं. कमी हवेत स्टिअरिंग झटक्यात फिरवलं की बाहेरच्या बाजूचं पुढचं टायर रिमवरून उतरतं.

फोर हाय, फोर लो

फोर बाय फोर चिखल दिसल्यावर लावायचं नसतं, कच्चा रस्ता सुरू होतानाच लावायचं. फोर हायमध्ये (चारही चाकं, नेहमीचे गिअर) चाकं सरळ असताना चालत्या गाडीतही जाता येतं, वेगाची मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. फोर लोसाठी (चारही चाकं, लो रेंज) बहुतेक गाड्या पूर्ण थांबवून, क्लच दाबून किंवा ऑटोमॅटिक न्यूट्रलला टाकून गिअर बदलावा लागतो. पार्ट-टाइम (हवं तेव्हाच लावायचं) फोर बाय फोर कोरड्या डांबरीवर चालवू नका. वळणावर पुढच्या-मागच्या चाकांचं अंतर वेगळं पडतं, मध्ये डिफरन्शियल नसल्याने तो फरक सुटायला जागा मिळत नाही आणि शाफ्ट-गिअरवर ताण साठत जातो. स्टिअरिंग जड होणं आणि गाडी वळणावर अडखळणं ही त्याची खूण. गिअर परत टू व्हीलमध्ये जात नसेल तर सरळ रेषेत थोडं मागे-पुढे करा, ताण सुटतो.

ट्रॅक्शन कंट्रोलबाबत गोंधळ असतो. चाकोरीत एखादं चाक अधांतरी राहिलं की हीच यंत्रणा फिरत्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसऱ्या चाकाकडे देते, तेव्हा तिथे ती चालू हवी. वाळूत मात्र चाक जरा घसरलं की ती इंजिनाची ताकद कापते, नेमक्या नको त्या क्षणी. वाळूवर उतरण्यापूर्वी ती बंद करा. बऱ्याच गाड्यांत बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं.

पाणंद, चढ आणि उतार

अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नका, बाहेरच्या कडेवर ठेवा. दगडावर चाक आपटून स्टिअरिंग झटक्याने फिरलं तर अंगठा मोडतो.

खोल चाकोरीत उतरू नका. एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं कडेवर ठेवून चाकोरी दोन चाकांच्या मध्ये घ्या. उतरावंच लागलं तर एक फसवी गोष्ट लक्षात ठेवा : चाकोरीत स्टिअरिंग वळवलं तरी गाडी सरळच जाते, त्यामुळे चाकं वळलेली आहेत हे कळत नाही. मग चाकोरी संपते, टायरला पकड मिळते आणि गाडी एकदम बाजूला झेपावते, बांधावर किंवा कुंपणावर. मधूनमधून खिडकीतून डोकं काढून पुढचं चाक सरळ आहे ना ते पाहा.

चढ नेहमी सरळ चढायचा. तिरकं गेलं की खालच्या चाकांवर वजन जातं, आणि कडेला एक दगड किंवा बीळ मिळालं तर गाडी पलटते. छोट्या टेकाडाच्या माथ्यापलीकडे काय आहे हे आधी चालत जाऊन पाहा. किनाऱ्यालगतच्या पठारांवर माथ्यापलीकडे कधीकधी सरळ कडाच असतो. लो रेंजमध्ये दुसरा गिअर, एकसारखा ॲक्सिलरेटर. अर्ध्यात गाडी थांबली तर वळवू नका. ब्रेक, हँडब्रेक, रिव्हर्स, आणि आल्या वाटेनेच सरळ मागे. न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबून घरंगळणं हा चढावरचा सर्वांत महागडा प्रकार. मागे येताना ब्रेकवर उभं राहिलं की वजन मागच्या चाकांवर जाऊन पुढची हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकेनासं होतं.

उतार लो रेंजमध्ये पहिल्या गिअरमध्ये, पाय क्लचपासून लांब. इंजिनच गाडी धरून ठेवतं. ओल्या मातीवर गाडी बाजूला सरकू लागली की ब्रेक दाबायची ऊर्मी येते. तिथे उलट किंचित ॲक्सिलरेटर द्या, चाकं फिरू लागली की नाक सरळ होतं.

वाटेतलं फाटक जसं सापडलं तसंच ठेवा : उघडं होतं तर उघडं, लावलेलं होतं तर लावलेलं. आणि वाळलेल्या गवतावर गाडी चालू ठेवून उभी करू नका, तापलेला सायलेन्सर गवत पेटवतो.

ओढा

फक्त गोडं पाणी, फक्त तळ दिसतो किंवा चालून पाहिलेला असतो तिथेच. काठी घेऊन ज्या रेषेत चाकं जाणार त्या दोन्ही रेषा चालत ओलांडा. चालताना प्रवाह पाय ओढत असेल तर गाडी घालायची नाही, खोली कितीही कमी असो. पहिल्या वर्षी मर्यादा चाकाच्या मध्यापर्यंत, साधारण तीस-पस्तीस सेंटिमीटर.

लो रेंज, दुसरा गिअर, माणूस भरभर चालेल इतका वेग. बंपरपुढे एक छोटी लाट तयार होते, तिच्या मागे मागे तेवढ्याच वेगाने जायचं. जोरात घुसलं की पाणी बॉनेटवर उडतं आणि एअर फिल्टरच्या तोंडापर्यंत जातं. इंजिनाने पाणी ओढलं तर कनेक्टिंग रॉड वाकतात, कारण पाणी दाबलं जात नाही. मध्ये गिअर बदलू नका, थांबू नका. गाडी पाण्यात बंद पडलीच तर घाईने स्टार्टर मारण्याआधी एअर फिल्टर कोरडा आहे का ते बघा. पलीकडे गेल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून वाळवा, आणि पुढची नंबर प्लेट जागेवर आहे का तेही पाहा. ओढ्यात सगळ्यात जास्त हरवणारी वस्तू तीच.

वाळू

पुळणीवर तीन पट्टे ओळखायला शिका. वरचा, भरतीच्या रेषेपलीकडचा भाग कोरडा, सैल. मधला, भरती-ओहोटीच्या दरम्यानचा, ओलसर आणि घट्ट. आणि अगदी पाण्यालगतचा, चकाकणारा, पाण्याने भिजलेला, जो पाय ठेवला की हलतो. चालवायचं ते मधल्या पट्ट्यातून. तिथे पायाची नुसती टाच उमटते की पाय घोट्यापर्यंत जातो हे उतरून पाहा. टाच दीड-दोन सेंटिमीटर गेली तर ठीक, बूट अर्धा आत गेला तर हवा आणखी उतरवा किंवा परत फिरा. सकाळी रात्रीच्या ओलाव्याने वाळू घट्ट असते, भर दुपारी तीच वाळू सैल होते.

वाळूवर उतरायचा कोरडा पट्टा हाच बहुतेक वेळा सगळ्यात मऊ असतो. हवा आधीच उतरवून, फोर हायमध्ये दुसऱ्या गिअरमध्ये, अंगात वेग असताना तो पार करा. आधीच्या गाड्यांच्या खुणा असतील तर त्याच धरा, तिथली वाळू दबलेली असते. गिअर बदलायचा तर झटक्यात, कारण क्लच दाबलेल्या क्षणी वाळू गाडीला धरते. इंजिन ओरडत नाही आणि गाडी दबत नाही असा मधला सूर सापडला की पाय तसाच ठेवा.

थांबायला ब्रेक मारायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडला की गाडी आपोआप थांबते. ब्रेक मारला तर चारही चाकांपुढे वाळूचे ढीग साचतात आणि निघताना तेच चढावे लागतात. थांबायची जागा घट्ट, नाक उताराकडे, पण पाण्यापासून लांब. परत निघताना आधी आपल्याच खुणेत मीटर-दोन मीटर मागे या, मग पुढे. चाकांनी तेवढी जागा दाबलेली असते.

पुळणीवर खरा घात करतात ते ओघळ. पाऊस किंवा ओढा पुळणीतून वाहताना एक-दीड फुटाची उभी कड कापून जातो. सारख्या रंगाच्या वाळूत, विशेषतः डोक्यावर ऊन असताना, ती वीस-पंचवीस मीटरवर येईपर्यंत दिसत नाही. ताशी चाळीसने त्यात गेलेल्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन मोडतं. ताशी पंचवीस-तीसच्या वर जाण्याचं पुळणीवर कारणच नाही. शेवाळाचे ढीगही टाळा, खाली दगड असू शकतात.

गवत किंवा वेली उगवलेल्या टेकड्यांवर चाक नेऊ नका. ती मुळंच वाळू धरून ठेवतात, एकदा तुटली की वारा टेकडी पोखरतो. समुद्री कासवं कोरड्या वाळूत अंडी घालतात आणि बाहेर पडलेली पिल्लं चाकांच्या खोल खुणेत अडकतात. विणीच्या काळात पुळण पूर्ण सोडा. काळा, वास येणारा, चमकणारा खाजणाचा चिखल तर कोणत्याही ऋतूत वर्ज्य. वर घट्ट कवच दिसतं आणि खाली हातभर गाळ असतो, त्यातून एका गाडीने दुसरी निघत नाही.

रुतलात तर

गाडी पुढे जात नाही हे लक्षात आलं त्या क्षणी पाय काढा. चाकाचा आणखी एक-एक फेरा गाडीला खाली नेतो. थोडी हालचाल असतानाच थांबलात तर बहुतेक वेळा नुसत्या रिव्हर्सने सुटका होते. नाही झाली तर सगळ्यांना उतरवा, वजन तेवढंच कमी. हवा पंधरावर आणा. पुन्हा हळूच रिव्हर्स. इथवर काम न झाल्यास फावडं.

ज्या दिशेने बाहेर पडायचं त्या दिशेला चाकांसमोरची वाळू काढून उताराची पट्टी करा, चाकाच्या तळापासून वर येणारी. नुसता खड्डा उपयोगाचा नाही. मग खाली वाकून पाहा, डिफरन्शियल किंवा चासी वाळूवर टेकली आहे का. टेकली असेल तर चाकांवर वजनच नाही, तेव्हा ती खालची वाळू काढल्याशिवाय काहीही करून फायदा नाही. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून लोक ते सोडतात आणि तिथेच अर्धा तास घालवतात.

पट्ट्या चाकाच्या पुढे दाबून, चाकाखाली खुपसून बसवा. गाडी लो रेंजच्या दुसऱ्या गिअरमध्ये, जितक्या हळू निघेल तितक्या हळू. चाक पट्टीवर गरगर फिरलं तर तिचे दात वितळतात आणि पट्टी मागे फेकली जाते, म्हणून मागे कुणी उभं राहायचं नाही.

दुसऱ्या गाडीने ओढायचं तर पट्ट्याचा प्रकार आधी ओळखा. साधा पट्टा ताणत नाही, त्याने सावकाश, सतत ताण देऊन ओढायचं. ताणणारा पट्टा साधारण नऊ मीटर लांब असतो आणि सुमारे वीस टक्के ताणतो, तो झटक्याच्या ओढीसाठी. ढील एक-दोन मीटर, ओढणारी गाडी ताशी दहाच्या आत. पहिल्या प्रयत्नात निघाली नाही तर आणखी खणा, वेग वाढवू नका. दोन पट्टे जोडायला मध्ये शॅकल घालू नका, एकाचं कडं दुसऱ्यात ओवा. पट्ट्याच्या मध्यावर ओलं जाड कापड किंवा जड घोंगडं टाका. बघे लोक पट्ट्याच्या दीडपट लांबीइतके दूर, आणि पट्ट्याच्या रेषेत तर कुणीच नको.

पाणी चढत असेल आणि गाडी पंधरा-वीस मिनिटांत हलली नाही, तर खणत बसण्याआधी मदत बोलवा. मदत यायला लागणारा वेळ आणि पाणी यायला लागणारा वेळ, यांची तुलना करून काय ते ठरवा. माणसं आणि कागदपत्रं वर न्या.

परतल्यावर

डांबरी लागण्याआधी चारही चाकांत हवा भरा. अठरा पीएसआयवर ताशी साठ-सत्तरने पळवलेल्या टायरची बाजू आतून तापून फाटते. गिअर टू व्हीलमध्ये आणा. चाकांच्या नटांवर एकदा पाना फिरवा. रिमच्या आतल्या बाजूला चिखल किंवा वाळू चिकटून राहिली तर ताशी साठच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि लोक अलाइनमेंट बिघडली समजून गॅरेज गाठतात. आधी धुऊन बघा.

त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुणं चुकवू नका, दोन दिवसांनी धुण्याला अर्थ नाही. वरचा रंग चकचकीत करण्यात वेळ घालवू नका. चासीच्या पोकळ भागातली भोकं, ब्रेकच्या मागचे पत्रे, स्प्रिंगांच्या बैठका आणि रेडिएटरचा पुढचा भाग, इथे वीसेक मिनिटं पाणी सोडा. प्रेशर फार जास्त नको, नाहीतर खारी वाळू सीलमध्ये आणखी आत ढकलली जाते. सोपा उपाय म्हणजे बागेचा फिरता फवारा गाडीखाली ठेवून पाणी चालू ठेवणं आणि गाडी मधूनमधून पुढे-मागे सरकवणं.

ब्रेक लावल्यावर खरखर ऐकू आली तर डिस्क आणि पत्र्यामध्ये वाळूचा कण आहे, बहुधा पाण्याने निघतो. एअर फिल्टर काढून झटका. ओढा ओलांडला असेल तर आठवड्याभरात डिफरन्शियलचं तेल पाहा. ते दुधी दिसलं तर पाणी शिरलंय, तेल बदलायचं आणि ब्रीदरची (डिफरन्शियलमधली हवा आत-बाहेर करणारी) नळी कुठे सुटली आहे का ते शोधायचं. टायरच्या आतल्या बाजू हाताने चाचपडून पाहा. बाहेरून न दिसणारी चीर तिथेच सापडते.